खटपट : मिक्सर कुणासाठी घ्यायचा?

मागच्या महिन्यात कोल्हापूरहून एक पत्र आलं. वहीचं फाडलेलं पान, निळी शाई आणि खाली पाच सह्या. पत्र असं होतं :

"काका, सा. न. वि. वि. आमचा पाच जणांचा गट आहे. एक जण कीबोर्ड वाजवतो, एक ऑक्टापॅड. एक जण मोबाइलवर ताल तयार करतो. एकाची हलगी आहे आणि एक मुलगी गाते. गणपतीत तालमीसमोर अर्धा तास वाजवायला मिळणार आहे. घरी रेकॉर्डिंगपण करायचंय. त्यासाठी मिक्सर घ्यायचाय. पैसे साठवलेत. बारा चॅनेलचा एक बघून ठेवलाय, त्याला लई दिवे आहेत. घेऊ का?"

आणि सगळ्यात खाली, वेगळ्या अक्षरात, एक ओळ होती : "मी गाते ते कुणालाच ऐकू येत नाही. मलापण नाही. मिक्सरनं ते होणार असेल तरच मी गटात राहणार."

दिव्यांचं उत्तर पोस्टकार्डावर मावलं असतं. ही शेवटची ओळ मात्र मावेना. म्हणून एका रविवारी मीच कोल्हापूरला गेलो. शिवाजी पेठेत माडीवरची एक खोली, तिथं यांची तालीम चालते. जिना चढतानाच एका आईनं मला गाठलं.

"काय वो, मिक्सर घ्यायचा म्हणतात पोरं. घरात हाय की एक चटणी वाटायला! आणखी कशाला?"

हसू नका हं! या प्रश्नात बराच अर्थ आहे. आपण पुन्हा त्याच्याकडे येणार आहोत.

मिक्सर करतो काय?

माइक, कीबोर्ड, मोबाइल, सगळ्यांतून आवाज बाहेर पडतो तो विजेच्या रूपात. पण ही वीज सारखी नसते. माइकमधून येते ती अगदी चिमूटभर, व्होल्टचा हजारावा भाग, फार तर काही हजारावे भाग. कीबोर्डमधून येते ती व्होल्टच्या आसपास. एक कुजबुजतोय आणि दुसरा बोंबलतोय, असा प्रकार!

मिक्सर तीन कामं करतो. पहिलं, कुजबुजणाऱ्याला वर उचलून सगळ्यांना एका पातळीवर आणतो. हे काम करणाऱ्या नॉबला 'गेन' म्हणतात. दुसरं, सगळे आवाज हव्या त्या प्रमाणात एकत्र करतो. त्यासाठी असते ती वरखाली सरकणारी पट्टी, म्हणजे 'फेडर'. स्वस्त मिक्सरमध्ये तिच्या जागी साधा नॉब असतो. आणि तिसरं काम, हे एकत्र केलेलं हव्या त्या ठिकाणी पाठवतो. हे तिसरं काम बहुतेकजण विसरतात. आपल्या पत्रातली ती शेवटची ओळ नेमकी इथंच अडकलेली होती.

आधी कागद घ्या

मी म्हटलं, "दुकान राहू दे. आधी एक कागद घ्या. मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा, आत काय येणार. उजवीकडे लिहा, बाहेर कुठं जाणार."

डावी बाजू झटक्यात भरली.

कीबोर्ड : डावा आणि उजवा, दोन.
ऑक्टापॅड : डावा आणि उजवा, दोन.
मोबाइल : डावा आणि उजवा, दोन.
गाणारीचा माइक : एक.
हलगीचा माइक : एक.

एकूण आठ. त्यात माइक फक्त दोन, बाकी तीन जोड्या.

"मग बारा बरे की! चार शिल्लक ऱ्हातील," ऑक्टापॅडवाला म्हणाला.

थांबा! खोक्यावरच्या आकड्याची एक गंमत आहे. जोडी असलेलं चॅनेल कंपन्या दोन म्हणून मोजतात. यामाहाचा 'एमजी१०एक्सयू' हा मिक्सर घ्या. नावातच दहा आहेत. पण प्रत्यक्षात त्यात एकेरी चॅनेल चार आणि जोडीची तीन. म्हणजे माणसं दहा, पण खोल्या सात. माइक लावायला जागा तर चारच. हे काही वाईट नाही, लबाडीही नाही. फक्त आकडा वाचताना 'यातले माइकचे किती आणि जोडीचे किती?' हे विचारायचं. बारा चॅनेलच्या कितीतरी मिक्सरमध्येही माइक चारच लागतात. बाकीचे दिवे नुसते दिवे!

आता उजवी बाजू. तिथं पोरांनी एकच शब्द लिहिला : स्पीकर.

"आणि रेकॉर्डिंग?" मी विचारलं. मग 'कॉम्प्युटर' लिहिलं. 'हेडफोन' लिहिलं. कागद माझ्याकडे सरकवला. गाणारी मुलगी कोपऱ्यात उभी राहून कागद बघत होती. ती हळूच म्हणाली, "आणि मला?"

तिला कुणी लिहिलंच नव्हतं.

कोल्हापूरचीच जुनी युक्ती

तिचं उत्तर शोधण्याआधी आम्ही एक प्रयोग केला. मिक्सरच नसेल तर आवाजांचा मेळ कसा घालायचा? याचं उत्तर कोल्हापूरच्या मातीतच आहे.

प्रभात फिल्म कंपनीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९२९ साली ती कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. १९३२ साली, कोल्हापुरात असतानाच, प्रभातनं 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम. हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे, आणि संगीतही त्यांचंच. तारामती होत्या दुर्गा खोटे. गाणं आधी रेकॉर्ड करायचं आणि मग त्यावर नुसते ओठ हलवायचे, ही सोय आपल्याकडे १९३५ नंतर आली. त्याआधी नट कॅमेऱ्यासमोर खरोखरच गायचे. वाजवणारे कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा जागी बसायचे. मग कुणाचा आवाज मोठा आणि कुणाचा लहान, हे ठरायचं कशावरून? माइकपासून कोण किती लांब, यावरून!

मोकळ्या जागेत आवाजापासूनचं अंतर दुप्पट केलं की त्याची पातळी सहा डेसिबलनं उतरते. खोलीत भिंतींवरून आवाज परत येतो, त्यामुळं थोडी कमी उतरते. पण उतरते नक्की.

आम्ही एक मोबाइल पाटावर ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. पहिल्यांदा सगळे त्याच्याभोवती गोल बसले. ऐकलं तर हलगी, हलगी आणि हलगी! कुस्तीच्या मैदानात हजारो माणसांना ऐकू जाणारं वाद्य ते, खोलीत कुणाला दाद देणार? मग हलगीवाल्याला बाहेर सज्जात पाठवलं. कीबोर्डचा स्पीकर खोलीच्या पलीकडच्या टोकाला नेला. गाणारीला मोबाइलपासून एक वीत अंतरावर बसवलं. पुन्हा वाजवलं.

या वेळी तिचा आवाज आला. स्वच्छ. तिनं ते रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. बोलली काही नाही, पण पाटाजवळून उठलीही नाही.

तुम्हीही हा प्रयोग घरी करून पाहा. एक पैसा लागत नाही. आणि एक गोष्ट कायमची समजते. एकाला वर आणायचं तर पुष्कळदा बाकीच्यांनी खाली यायचं असतं.

'आणि मला?' याचं उत्तर

पण दोस्तहो, गणपतीत तालमीसमोर हलगीवाल्याला सज्जात कसा पाठवणार? तिथं मिक्सर हवाच.

मोठे स्पीकर लोकांकडे तोंड करून असतात. गाणारी त्यांच्या मागं. तिला स्वतःचा सूर ऐकू येत नाही. ऐकू आला नाही की माणूस ओरडतो. ओरडलं की सूर सुटतो. मग सगळे म्हणतात, "हिला जमत नाही."

यावर उपाय म्हणजे तिच्यासमोर एक छोटा स्पीकर ठेवायचा, तिच्याकडे तोंड करून. त्याला मॉनिटर म्हणतात. त्या स्पीकरला काय ऐकवायचं हे मिक्सरवरच्या 'ऑक्स' नावाच्या नॉबनं ठरतं. प्रत्येक चॅनेलवर असा एक नॉब असतो. गाणारीचा ऑक्स वर, कीबोर्डचा थोडा, हलगीचा शून्य. हलगी तिला तशीच ऐकू येणार आहे! लोकांना एक मिश्रण जातं आणि तिला तिचं वेगळं मिश्रण जातं. जणू एकाच मिक्सरमध्ये दुसरा छोटा मिक्सर.

इथं दोन सापळे आहेत, लक्षात ठेवा.

पहिला सापळा : बऱ्याच लहान मिक्सरमध्ये ऑक्स एकच असतो आणि इफेक्टसाठीही, म्हणजे आवाज घुमवण्यासाठीही, तोच वापरावा लागतो. मग एक तर घुमारा किंवा मॉनिटर. दोन्ही हवे असतील तर दोन वेगळे नॉब बघून घ्या.

दुसरा सापळा : मॉनिटरचा ऑक्स फेडरच्या आधी आवाज उचलणारा हवा. याला 'प्री-फेडर' म्हणतात. तो नसेल तर लोकांसाठी फेडर खाली घेतला की गाणारीच्या मॉनिटरमधूनही ती गायब! इफेक्टसाठी मात्र उलट, फेडरच्या नंतरचा, म्हणजे 'पोस्ट-फेडर', बरा.

आणि माइक कधीही स्पीकरच्या तोंडासमोर धरू नका. स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा पुन्हा स्पीकरमध्ये, असं चक्र सुरू होतं आणि 'कुंईऽऽ' अशी शिट्टी वाजते. शाळेच्या संमेलनात ऐकलीय ना?

मिक्सर हेच वाद्य

मोबाइलवाला म्हणाला, "काका, माझं काम तर नुसतं बटण दाबायचं. मी खरा वादक न्हाई, असं हे म्हणतात."

त्याला मी दोघांच्या गोष्टी सांगितल्या.

हिंदी चित्रपटांच्या गाण्यांत वाजवणारे एक वादक होते, चरणजित सिंग. १९८२ साली मुंबईत त्यांनी तीन यंत्रं एकमेकांना जोडली. तालासाठी रोलँडचं टीआर-८०८, खर्जासाठी टीबी-३०३ आणि सुरांसाठी ज्युपिटर-८. त्यावर त्यांनी दहा राग वाजवले, डिस्कोच्या ठेक्यावर! तेव्हा त्या रेकॉर्डकडे फारसं कुणी बघितलं नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली आणि लोक चकित झाले. तीन यंत्रं म्हणजे तीन वेगळे आवाज. त्यांचं एक संगीत व्हायचं तर प्रमाण सांभाळावं लागतं, आणि ते कानांचंच काम.

दुसरी गोष्ट लांबची, वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटावरची. तिथं किंग्स्टन शहरात किंग टबी नावाचा माणूस रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायचा. १९७० नंतरच्या दशकात त्यानं मिक्सरच वाजवायला घेतला. आधी रेकॉर्ड झालेलं गाणं घ्यायचं, अचानक गाणाऱ्याचा फेडर खाली ओढायचा, नुसता ढोल आणि खर्ज ठेवायचा, मध्येच एखादा शब्द वर आणून घुमवायचा. या संगीताला 'डब' म्हणतात. आज जगभर जे इलेक्ट्रॉनिक संगीत वाजतं त्यात या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हाताची सवय मुरलेली आहे.

म्हणून असं संगीत लोकांसमोर वाजवायचं असेल तर मिक्सरवर नॉबपेक्षा सरकणारे फेडर बरे. बोटांना अंदाज येतो. प्रत्येक चॅनेलला 'म्यूट' बटण असेल तर उत्तम. आणि तिन्ही सूरपट्ट्या, म्हणजे खर्ज, मध्य आणि तार, कमीजास्त करायची सोय हवीच. शब्द ऐकू येतात ते मुख्यतः मधल्या आणि वरच्या पट्टीमुळं. कीबोर्डचा मध्य थोडा उतरवला की गाण्याला जागा होते. गाणाऱ्या माइकवर 'लो कट' नावाचं बटण असेल तर ते दाबून ठेवा. साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा आवाज, म्हणजे माइक हाताळल्याची ढबढब, त्यानं जाते.

चटणी की मिसळ?

आता जिन्यातल्या त्या आईंच्या प्रश्नाकडे येऊ.

चटणी वाटल्यावर त्यातलं खोबरं वेगळं काढता येईल का? नाही. तिखट जास्त झालं तर झालं! पण कोल्हापुरी मिसळ कशी येते? मटकी, फरसाण ताटलीत आणि कट वेगळ्या भांड्यात. ज्याला जितका झेपेल तितका त्यानं घ्यावा.

यूएसबीनं कॉम्प्युटरला जोडले जाणारे मिक्सर याच दोन प्रकारचे असतात. खोक्यावर 'यूएसबी रेकॉर्डिंग' दोन्हींवर लिहिलेलं असतं. पण बऱ्याचशा स्वस्त मिक्सरमधून कॉम्प्युटरकडे जातात फक्त दोनच आवाज : डावा आणि उजवा, सगळं वाटून झाल्यावर. ही चटणी. मघाचा 'एमजी१०एक्सयू'ही यातलाच. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक चॅनेल वेगळं जातं, किंवा मिक्सरमधल्याच कार्डावर वेगळं साठतं. टॅसकॅमचा 'मॉडेल १२' किंवा झूमचे 'लाइव्हट्रॅक' हे असे. ही मिसळ. रेकॉर्डिंग झाल्यावर 'हलगी जास्त झाली' असं वाटलं तर नंतर कमी करता येते. पण हे मिक्सर महाग असतात.

पोरांचे चेहरे उतरले. साठवलेले पैसे मिसळीला पुरणारे नव्हते.

मी म्हटलं, "अरे, पैसे कमी असले तर वेळ आहे की तुमच्याकडे!" युक्ती अशी. सगळ्यांनी एकदम वाजवायचं नाही. आधी मोबाइलचा ताल एकटा रेकॉर्ड करा. मग तो हेडफोनवर ऐकत एकटा कीबोर्ड. मग ऑक्टापॅड. मग हलगी. सगळ्यात शेवटी गाणं. प्रत्येक वेळी चटणीचाच मिक्सर, पण वाटायला एकच जिन्नस! कॉम्प्युटरमध्ये पाचही वेगवेगळे साठतात. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर 'ऑडॅसिटी'सारखं मोफतही मिळतं.

यातही एक खाच आहे. आधी रेकॉर्ड केलेला ताल कॉम्प्युटरमधून मिक्सरमध्ये परत येतो. तो फक्त हेडफोनमध्ये जायला हवा. काही मिक्सर तो मुख्य मिश्रणात घालतात आणि पुन्हा कॉम्प्युटरकडे पाठवतात. मग कीबोर्डच्या रेकॉर्डिंगमध्ये तालही येऊन बसतो. म्हणून परत आलेला आवाज नुसता हेडफोनला देणारं बटण आहे का, ते बघायचं.

मिक्सरचा एक फायदाही सांगतो. कॉम्प्युटर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० तुकडे करतो आणि ते गठ्ठ्यानं हाताळतो. ५१२ तुकड्यांचा गठ्ठा असेल तर एका फेरीला सुमारे १२ मिलिसेकंद लागतात. जाऊन येऊन २४. तेवढ्या वेळात हवेतला आवाज आठ मीटर जातो. म्हणजे स्वतःचंच गाणं आठ मीटर लांबून आल्यासारखं ऐकू येतं आणि गाणारा अडखळतो. मिक्सरला हेडफोन लावला तर स्वतःचा आवाज कॉम्प्युटरची वारी न करता थेट कानात येतो.

दुकानात विचारायचे सात प्रश्न

हे कागदावर उतरवून खिशात ठेवा.

१. माइक किती लागतात आणि जोडीची चॅनेल किती?

२. मॉनिटरसाठी वेगळा, प्री-फेडर ऑक्स आहे का? इफेक्टचा त्याहून वेगळा आहे का?

३. यूएसबीमधून किती आवाज वेगळे जातात? दोन की सगळे?

४. कॉम्प्युटरमधून परत आलेला आवाज फक्त हेडफोनला देता येतो का?

५. '४८ व्होल्ट' किंवा 'फँटम' असं बटण आहे का? कंडेन्सर जातीच्या माइकला ही वीज लागते. हातात धरून गायच्या साध्या डायनॅमिक माइकला लागत नाही.

६. माइकला तीन टोकांची एक्सएलआर पिन आहे का? या वायरमधून आवाज दोन तारांनी, एकमेकांच्या उलट, जातो. वाटेत शिरलेली खरखर दोन्हींत सारखीच असते, म्हणून शेवटी ती वजा होते. लांबच्या वायरला म्हणूनच ही पिन हवी. कीबोर्ड आणि ऑक्टापॅडला जाडी पिन, जिला दुकानात 'पी-३८' म्हणतात, ती चालते.

७. बिल, वॉरंटी आणि दुरुस्ती गावात होते का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घेण्याआधी दुकानातच हेडफोन लावून ऐका. माइकचा गेन पाऊण वर न्या आणि गप्प बसा. 'सूंऽऽ' असा आवाज किती येतो? जितका कमी तितका मिक्सर चांगला. लहान आवाजाच्या गायकाला गेन जास्त लागतो. त्यामुळं ही सूं त्यालाच नडते, हलगीला नाही.

घरी आणल्यावर

चालू करताना आधी मिक्सर, स्पीकर सगळ्यात शेवटी. बंद करताना आधी स्पीकर. कॉलेजात असताना मी एकदा उलटं केलं. 'धप्प' झालं आणि स्पीकरचा कागद फाटला. दुरुस्तीचे पैसे पुढं तीन महिने फेडत होतो!

गेन लावताना सगळ्यात मोठ्या पट्टीतली ओळ म्हणायला सांगा. हिरवा दिवा लागला पाहिजे, अधूनमधून पिवळा चालेल, लाल नाही. लाल म्हणजे आवाजाचा माथा कापला गेला. कापलेलं नंतर जोडता येत नाही.

आणि विजेशी खेळ नको. स्पीकरमध्ये घूंऽऽ असा आवाज येतो म्हणून काहीजण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. असं कधीही करू नका, त्यानं जीव जाऊ शकतो. गणपती म्हणजे पावसाळा. ओल्या हातानं वायर धरायची नाही. जोडणी मोठ्या माणसासमोरच करायची.

आई-बाबांसाठी चार शब्द

आपल्याकडे मोठ्या साउंडला सरसकट 'डॉल्बी' म्हणतात. गंमत बघा, रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपमधली सुरसुर कमी करण्यासाठी! आवाज कमी करणाऱ्याचं नाव आपण दणदणाटाला दिलं.

कान एकदाच मिळतात. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेनं कामगारांसाठी दिलेलं प्रमाण असं : ८५ डेसिबलमध्ये आठ तास. पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. या हिशेबानं १०० डेसिबलमध्ये फक्त पंधरा मिनिटं! मुलांचे कान तर आणखी जपायला हवेत. सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. सार्वजनिक जागी स्पीकर लावायचा तर लेखी परवानगी लागते. सणाच्या काही ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट मिळते, पण ती सरकारनं जाहीर केली तरच.

तेव्हा मुलांना मिक्सर घेऊन द्यायला घाबरू नका. आवाज वाढवायचं यंत्र नाही ते. प्रत्येक पट्टीला खाली यायची वाटही असते, हे त्यातूनच मुलं शिकतात.

मग त्यांनी काय घेतलं?

नाव सांगत नाही, कारण तुमचा कागद वेगळा असेल. पण बारा चॅनेलचा तो दिवेवाला घेतला नाही. त्याला मॉनिटरचा वेगळा ऑक्सच नव्हता! चार माइक आणि तीन जोड्या घेणारा, मॉनिटर आणि इफेक्टचे नॉब वेगळे असणारा, त्याहून लहान मिक्सर घेतला. रेकॉर्डिंगला चटणीवाला. उरलेल्या पैशांत दोन चांगल्या वायरी आणि माइकचा एक स्टँड आला. मॉनिटरसाठी कीबोर्डवाल्याच्या घरचा छोटा स्पीकर निघाला.

निघताना मी त्यांना एकच सांगितलं होतं. आपल्या गटात ज्याचा आवाज सगळ्यात लहान, त्याच्यासाठी मिक्सर निवडा. मोठ्या आवाजाला यंत्र लागत नाही.

परवा दुसरं पत्र आलं. पहिली ओळ हलगीवाल्याची : "काका, मी माझी पट्टी आपणहून खाली घेतली. आता हलगीचं बोट-बोट ऐकू येतं." मग तालमीच्या वेळा, मग कीबोर्डवाल्याची तक्रार की मध्य किती उतरवायचा. आणि तळाशी, त्याच वेगळ्या अक्षरात : "मी राहिले."

तुमच्या गटात काय-काय आत येतं आणि बाहेर कुठं जातं? कागदावर रेघ मारा, दोन्ही बाजू भरा आणि मला पाठवा. पण उजवी बाजू भरताना कोपऱ्यात कोण उभं आहे ते बघा हं!

पुढच्या आठवड्यात भेटू.

तुमचा,
खटपटकाका